हारुको रेडिओवर आली तो दिवस

गेल्या मार्चमध्ये आमचं दुकान बंद झालं. मालक कुरोदा-सान पंच्याहत्तरीच्या पुढे गेले होते, आणि बँकेतली नोकरी सोडून जुन्या फिती पुसत बसण्यात त्यांच्या मुलाला रस नव्हता. शटर ओढताना ते मला म्हणाले, "शेंडे-सान, आपण दोघांनी जन्मभर लोकांची खरखर ऐकली." त्यांच्यापुरता तो निरोपसमारंभ संपला.

मी नक्की काय काम करते, हे इथे जपानात, त्सुकुबातल्या आमच्या मराठी मंडळाला वीस-बावीस वर्षांत कधी नीट कळलं नाही. कुणाला वाटायचं मी रेडिओ दुरुस्त करते, कुणाला वाटायचं गाणी रेकॉर्ड करते. एका गणपतीत तर एका काकूंनी पुण्याहून आणलेला मिक्सर माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "बघ गं, तुला जमतंय का." म्हणून मंडळाच्या या अंकासाठी लिहायला सांगितलं, तेव्हा आधी कामच सांगून टाकायचं ठरवलं.

लोक जुन्या फिती घेऊन यायचे. कॅसेट, रिळं, काय असेल ते. त्यातला आवाज काढून, साफ करून परत द्यायचा, हे आमचं काम. फीत म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर चिकटवलेली गंजासारखी तपकिरी पूड. आवाज त्या पुडीत असतो. पट्टी म्हातारी होते, कडक होते, आंबूस वास मारायला लागते, आणि यंत्रावर चढवली की काडीसारखी मोडते. ती जोडायची, पुन्हा चढवायची, आणि एकदाचा आवाज संगणकात उतरला की निवडायला बसायचं. सूंऽऽ असा फितीचा स्वतःचा आवाज असतो, विजेची भुणभुण असते, टकटक असते. ते सगळं काढायचं, पण माणसाच्या आवाजाला ओरखडा न येता. उकडलेला बटाटा सोलण्यासारखं आहे ते. हात जरा जड पडला की सालीबरोबर बटाटाही जातो.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. हिगाशी-कसाईहून एक पुण्याचा इंजिनियर आजोबांच्या भाषणाची कॅसेट घेऊन आला होता. त्या भाषणावर त्याच्या बहिणीनं लहानपणी सिनेमाची गाणी भरून ठेवलेली. दोन गाण्यांच्या फटीत आजोबा "तर मंडळी" म्हणत आणि पुन्हा गाणं सुरू होई. त्यानं आमच्या दुकानातूनच नाशिकला बहिणीला फोन लावला आणि तीस वर्षांपूर्वीचं भांडण तिथे उभ्या उभ्या केलं. कुरोदा-सानना मराठी येत नाही, पण ते चहाचा कप हातात धरून शेवटपर्यंत ऐकत होते.

असल्या गमती पुष्कळ आहेत. पण दुकान बंद झाल्यापासून डोक्यात येतात त्या मियोको-सान, आणि त्यांचं सांगितल्याशिवाय दुसरं काही लिहवत नाही.

सात-आठ वर्षं झाली असतील. फेब्रुवारी होता. त्सुचिउराहून बसनं एक सत्तरीच्या बाई आल्या. गडद निळा कोट-स्कर्ट, मुलांच्या शाळेच्या समारंभाला आया घालतात तसा. हातात कापडात बांधलेलं एक जड खोकं, आणि आमच्यासाठी कमळकाकडीचे तळलेले काप. जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं, आता निवृत्त आहे, असं त्यांनी सांगितलं. मग खोकं उघडलं. आत रिळं होती, इंग्लंडहून आलेली.

"यात माझी आई आहे," त्या म्हणाल्या. "मला इंग्रजी येत नाही. तुमच्याकडे एक भारतीय बाई आहेत, त्यांना येतं, असं कळलं."

हकिगत अशी होती. मियोको-सान कुरे या बंदरगावच्या. लढाईच्या शेवटच्या वर्षी जन्मलेल्या. त्यांचे वडील गोदीत काम करायचे, ते बाँबहल्ल्यात गेले. लढाई संपल्यावर कुरेत परकी फौज येऊन राहिली, आणि आई, हारुको, त्यांच्या छावणीत कपडे धुवायला जाऊ लागली. तिथे आर्थर नावाचा एक इंग्रज शिपाई भेटला. तो तिला लग्न करून इंग्लंडला घेऊन गेला. मियोको तेव्हा सात वर्षांची होती. तिला मावशीकडे ठेवलं. "सहा महिन्यांत बोलावून घेते," असं आई सांगून गेली. बोलावणं आलं नाही. काही वर्षं मावशीच्या नावानं पार्सलं यायची, लोकरीचा स्वेटर, बिस्किटांचा डबा. मग कळवण्यात आलं की हारुको फुप्फुसाच्या आजारानं गेली.

त्यानंतर इतक्या वर्षांनी आर्थरच्या पुतणीला त्याच्या माळ्यावर ही रिळं सापडली. वर लिहिलं होतं, "हारुको रेडिओवर आली तो दिवस". त्या भल्या बाईनं पार्सलांच्या जुन्या पत्त्यावर चौकशी केली, ती कुरेच्या देवळातल्या नोंदींतून फिरत फिरत मियोको-सानपर्यंत पोचली.

आर्थर रेडिओदुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. लंडनच्या रेडिओवर दुपारी बायकांचा कार्यक्रम लागायचा, त्यात त्याच्या बायकोची मुलाखत होणार होती. परदेशातून लग्न होऊन आलेली बाई इथे कसा संसार करते, अशा धर्तीची. तो इतका हरखला की नुसती मुलाखत टिपून त्याचं समाधान होईना. दुकानातलं यंत्र घरी आणलं, रेडिओपुढे मायक्रोफोन ठेवला आणि सकाळपासून जे लागेल ते सगळं भरत बसला. घरात लग्न असलं की माणसं मांडवाचासुद्धा फोटो काढतात ना, तसं.

"मला सगळा दिवस हवा," मियोको-सान म्हणाल्या. "सकाळपासून, क्रमानं. काही काढू नका. तिच्या घरात काय वाजत होतं ते मला ऐकायचंय. मग ती येऊ दे."

काही रिळं मेलेलीच होती. उरलेली मी जोडत जोडत उतरवली. मायक्रोफोन खोलीत असल्यामुळे रेडिओबरोबर ती खोलीही टिपली गेली होती. किटलीची शिट्टी, आर्थरचा खोकला, काचेवर पाऊस. एरवी आम्ही हे सगळं काढून टाकतो. या वेळी फक्त विजेची भुणभुण काढली आणि खोली तशीच ठेवली. दुपारच्या रिळापर्यंत पोचले, हेडफोन लावून मुलाखत ऐकली, आणि यंत्र थांबवून कुरोदा-सानना हाक मारली.

मुलाखत घेणारी बाई गोड आवाजात विचारते, "आणि मुलंबाळं?"

हारुको म्हणते, "नो." मग जरा थांबून, "नो चिल्ड्रन."

बाई म्हणते, "असू दे, अजून पुष्कळ वेळ आहे हो तुम्हाला." आणि दोघी हसतात.

कुरोदा-साननी दोनदा ऐकलं. इंग्रजी येत नसलं तरी एवढं त्यांनाही कळलं. "कापून टाकू या," ते म्हणाले. "जरासा तुकडा आहे. सांधा कुणाला कळणार नाही."

"काही काढू नका म्हणाल्यात त्या."

"शेंडे-सान, आपण खरखर काढतो. ही खरखरच आहे."

आमचा त्या दिवशी वाद झाला. इतक्या वर्षांत आमचा आवाज चढला असेल तो तेवढाच. मी म्हणत होते, त्या खोलीत जे बोललं गेलं ते काढायचा हक्क आपल्याला नाही. ते म्हणत होते, त्या म्हाताऱ्या बाईला हे ऐकवायचा हक्क आपल्याला कुणी दिला? दोघांचंही बरोबर होतं. शेवटी मुलाखतीचा शेवट ऐकून आम्ही निवळलो. शेवटी ती गोड आवाजाची बाई हारुकोला म्हणते, "आता आमच्या श्रोत्यांसाठी तुमच्या भाषेत काहीतरी बोला ना." आणि हारुको जपानीत एक वाक्य बोलते. साधंच, औपचारिक. आम्हाला वाटलं, काही का असेना, आईच्या तोंडून आपली भाषा ऐकू येईल. तेवढं ऐकलं की मधलं सोसेल त्यांना.

आमचा हिशेब इतका चुकावा याचं आजही नवल वाटतं. आवाजाच्या धंद्यात आयुष्य घालवलेली माणसं आम्ही.

ठरलेल्या दिवशी मियोको-सान दुकान उघडायच्या आधीच दाराशी उभ्या होत्या. तोच निळा पोशाख. कुरोदा-साननी मागच्या खोलीत हीटर लावला, चहा ठेवला आणि ते पुढे जाऊन बसले. दिवस सुरू झाला.

आधी वेळेचे टू-टू ठोके. मग बातम्या सांगणारा एक पुरुष, तोंडात बर्फाचा खडा धरल्यासारखा बोलणारा. मग हवामान. पश्चिमेकडून पाऊस येतोय, दिवसभर राहील, उत्तरेच्या समुद्रात वारा वाढेल, बोटींनी सांभाळून असावं. मी थांबून थांबून सांगत होते. मियोको-सान मान हलवत होत्या.

"हे ती ऐकत असेल का?"

"घरातच असेल अजून. मुलाखत दुपारची आहे."

मग प्रार्थना आणि ऑर्गन. शाळेतल्या मुलांसाठी एक धडा, ज्यात एक बाई मुलांना झाडासारखं उभं राहा, आता वाऱ्यानं हला, असं सांगत होती. त्यानंतर कारखान्यातल्या कामगारांसाठी लावलेलं ठेक्याचं संगीत; त्यावर आर्थर बोटांनी टेबल वाजवत होता. मध्येच दार लोटल्याचा आवाज, पावलं, एका बाईचं अस्पष्ट बोलणं, आणि दार बंद.

मियोको-साननी माझा हात धरला. "गेली?"

"निघाली असेल. स्टुडिओ दुसऱ्या शहरात होता."

"छत्री घेतली का?"

"पाऊस होता, म्हणजे घेतलीच असेल," मी म्हटलं.

दुपारी जेवायला आम्ही भाताच्या ओनिगिरी आणल्या. त्यांनी अर्धी खाल्ली. टेपवर शेतकऱ्यांसाठी बटाट्यावरच्या रोगाची माहिती चालू होती, ती त्यांनी मन लावून ऐकली. शाळेच्या स्वयंपाकघरात किती बटाटे सोलले असतील त्यांनी! त्या अगदी मजेत होत्या. मला मात्र पुढचं रीळ माहीत होतं. माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती. मी मराठीत विचारावं आणि तिनं जपानीत उत्तर द्यावं, हे आमचं नेहमीचं. त्यावरून मी चिडायचे. त्या दिवशी ओनिगिरी खाता खाता तिला उगाचच मेसेज केला, जेवलीस का म्हणून.

मग बायकांचा कार्यक्रम लागला. लोकरीच्या विणकामाबद्दल काहीतरी झालं आणि गोड आवाजाच्या बाईनं हारुकोची ओळख करून दिली.

हारुकोचा आवाज बारीक आणि जपून टाकलेला होता. तिचं इंग्रजी ती राहत होती त्या गिरणीगावातल्या लोकांसारखं झालेलं, मध्येच एखादा शब्द जपानी वळणाचा. मियोको-सान पुढे झुकल्या. चेहऱ्यावर आनंद नव्हता, गोंधळ होता. अनोळखी दारात उभं राहिल्यासारखा.

"ही?" त्यांनी विचारलं.

"हीच."

मी सांगत गेले. शेजारीण चांगली आहे. भात इथे खिरीत घालतात, त्याचं आधी हसू आलं. थंडीची सवय झाली. मग तो प्रश्न आला, आणि मी बोलायचं थांबले. थांबून काय उपयोग? "चिल्ड्रन" आणि "नो" हे शब्द जपानात कुणाला कळत नाहीत? रेडिओत दोघी हसल्या. मी यंत्र थांबवलं.

मियोको-साननी हीटरपुढे हात धरले. मग माझी समजूत घालावी तशा बोलल्या, "कागदावर मी मावशीची मुलगी आहे. आईच्या लग्नाआधीच मावशीनं मला आपल्या नावावर करून घेतलं. नाहीतर तिला जाऊ दिलं नसतं. मग तिला नाही म्हणावंच लागणार. सगळा देश ऐकत होता, हो कसं म्हणेल?" त्यांनी चहाचा घोट घेतला. "हे मला ठाऊकच होतं, शेंडे-सान. तुम्ही नका घाबरू. पुढे लावा."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. आता फक्त ते जपानी वाक्य राहिलं होतं, आणि ते तर चांगलंच होतं. मी लावलं.

"आता आमच्या श्रोत्यांसाठी तुमच्या भाषेत काहीतरी बोला ना."

मग हारुको, स्वच्छ, शाळेत शिकवलेल्या जपानीत म्हणाली, "आज हवा फारच छान आहे."

आर्थरच्या खोलीत काचेवर पाऊस वाजत होता. रेडिओतली बाई "वा, किती गोड!" म्हणाली, आणि संगीत सुरू झालं.

मियोको-सानच्या तोंडून असा आवाज आला की पुढच्या खोलीतून कुरोदा-सान धावत आले. त्या टेबलाची कड धरून बसल्या होत्या. रडत नव्हत्या. श्वास मात्र सापडत नव्हता.

"तिथे कुणालाच कळलं नसतं," त्या म्हणाल्या. "त्या बाईला नाही, तिच्या नवऱ्याला नाही, सगळ्या देशात एकालाही नाही. ती काहीही बोलू शकली असती. माझं नाव घेऊ शकली असती. नुसतं नाव. कुणाला काय कळणार होतं?"

कुरोदा-सान दारात उभे राहिले आणि मग मान खाली घालून परत गेले. मी पाणी दिलं. हारुको भ्याली असेल? ऐन वेळी सुचलं नसेल? परक्या देशात, स्टुडिओच्या लाल दिव्याखाली, समोर मायक्रोफोन आला की भल्याभल्यांना हवामानच सुचतं, हे मी कामात शेकडो वेळा ऐकलंय. पण ते त्यांना सांगायची ती वेळ नव्हती. मी यंत्र बंद करायला हात पुढे केला.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "दिवस संपलेला नाही."

तशाच त्या बसून राहिल्या. बाहेर अंधारून यायला लागलं होतं. टेपवर कुठल्याशा डॉक्टरच्या कुटुंबाची रोजची मालिका लागली, मग बातम्या, मग मुलांचा कार्यक्रम. एक काका घरोघरच्या मुलांना हाक मारून ससे आणि चेटकिणीची गोष्ट सांगू लागले. मी भाषांतर करायचं सोडून दिलं होतं आणि त्यांनी मागितलंही नाही. आर्थर खोकत होता. रीळ बदललं.

शेवटचं रीळ मी नीट ऐकलेलंच नव्हतं. चढवलं, उतरवलं, एवढंच. त्यात कार्यक्रम फारसा नव्हता, नुसती खोलीतली खुडबुड, आणि मियोको-साननी बजावलं नसतं तर ती सगळी मी पुसून टाकली असती. तेव्हा पुढे काय आहे हे आता मलाही माहीत नव्हतं.

गोष्ट चालू असताना दार उघडलं. पावलं आली. ओला कोट खुंटीला अडकवल्यासारखं काहीतरी झालं. खुर्ची सरकली आणि आर्थरचा आवाज, मायक्रोफोनच्या अगदी जवळ, आनंदानं फुटायला आलेला:

"आली का राणी माझी! सगळं टिपलंय बघ. एक शब्द सोडला नाही. ऐकायचंय?"

मग लांबून, खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून, एक जड, बसलेला आवाज. दुपारच्या त्या बारीक आवाजाशी त्याचं काहीच नातं नव्हतं.

"नको, आर्थर. बंद कर ते."

खट्. फीत तिथेच संपली.

मियोको-सान ताठ झाल्या होत्या. "परत लावा," त्या म्हणाल्या.

मी लावलं. दार, पावलं, खुर्ची, आर्थर, आणि तो आवाज.

"परत."

तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी डोळे मिटले. त्यांचे हात मांडीवर सैल पडले. "हा तिचा आवाज," त्या म्हणाल्या. "दुपारची ती बाई मी ओळखत नाही. ही आई आहे. छावणीतून आली की हात सोड्यानं सोललेले असायचे. मावशी काहीतरी विचारायची, आणि ती तिकडे पाठ करून असंच बोलायची. अगदी असंच. मी पांघरुणातून ऐकायचे." थोड्या वेळानं म्हणाल्या, "मला एवढंच द्या. बाकीचं तुम्ही ठेवा, टाकून द्या, काहीही करा."

मी मान डोलावली. मग लक्षात आलं की सकाळपासून सगळं सांगत आले, आणि नेमक्या या वाक्याचा अर्थ मी त्यांना सांगितलाच नव्हता.

"ती काय म्हणाली, सांगू का?"

मियोको-सान कोट घ्यायला उठल्या होत्या. त्यांनी मान हलवली.

"नको," त्या म्हणाल्या. "दमली आहे ती."